आईंना वाचून दाखवलेल्या प्रेमकथा

१६ जून १९९४, गुरुवार

बँकेची ही डायरी अविनाशकडे जानेवारीपासून कोरीच पडून होती. आज मी मागून घेतली. इथे नावाने लिहिते, समोर 'अहो'च.

आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन काल झालं. मोतीबिंदू चांगलाच पिकला होता. डॉक्टरांनी हिरवी पट्टी बांधून घरी पाठवलं आणि बजावलं, वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही आणि सांगेपर्यंत वाचायचं नाही. पहिल्या दोन गोष्टी आईंनी निमूट ऐकल्या. तिसरी ऐकल्यावर म्हणाल्या, "मग माणसानं दिवसभर करायचं काय?"

आई म्हणजे माझ्या सासूबाई, सरलाबाई निमकर. सुरतेतल्या मराठी शाळेत उभा जन्म मराठी शिकवण्यात गेला. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. यंदा लग्न होऊन मी नगरहून इथे उधन्याला आले, तेव्हा माझ्या सामानातली पुस्तकांची ट्रंक त्यांनी स्वतः उघडून पाहिली होती. सगळ्या प्रेमाच्या कादंबऱ्या. एकेक मुखपृष्ठ बघून झाल्यावर एवढंच म्हणाल्या, "या सगळ्यांत शेवटी लग्नच होतं ना?" ट्रंक तेव्हापासून पलंगाखाली आहे. मी त्यातलं काही वाचते ते दुपारी, त्या झोपल्यावर, दार लोटून.

२१ जून, मंगळवार

चार दिवस पेपरातला अग्रलेख वाचून दाखवला. आज मध्येच म्हणाल्या, "पुरे. तुझ्या ट्रंकेतलं काहीतरी काढ. झोप तरी येईल."

मी भीत भीत माझी सगळ्यांत आवडती काढली. कोकणातल्या गावात जमीन मोजायला आलेला अधिकारी आणि तिथल्या पोस्टमास्तरांची मुलगी. मी ती इतक्यांदा वाचलीये की काही पानं पाठ आहेत. नायिकेला रडू येतं तिथे माझाही आवाज भरून आला, तर आई पट्टीआडून म्हणाल्या, "'अश्रूंचे थेंब' काय? अश्रू काय तांब्यानं येतात? आणि तू स्वल्पविराम खाल्लास. पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं. झोप काही आली नाही त्यांना.

२९ जून, बुधवार

आता दुपारची भांडी आवरायच्या आत हाक येते. मोजणी अधिकाऱ्याची बदली झाली आणि त्याने निरोपसुद्धा घेतला नाही, म्हणून आई कालपासून त्याच्यावर चिडून आहेत. "एवढी जमीन मोजतो, पण शेजारी कोण उभं आहे ते दिसत नाही मूर्खाला."

मी म्हटलं, "आई, तो लाजाळू आहे."

"लाजाळू नाही, भित्रा आहे. दोन्हींत फरक असतो."

वाचता वाचता माझा एकही उच्चार चुकलेला त्यांना खपत नाही. 'न' आणि 'ण' वरून तर रोज बोलणी खाते. पण खरं सांगायचं तर या घरात मला दुपार आवडायला लागली आहे. अविनाश सकाळी बमरोलीच्या शाखेत जातो तो संध्याकाळी येतो. आल्यावर "जेवायला काय आहे?" आणि "आईला औषध दिलंस का?" एवढं बोलतो. माझ्या कादंबऱ्यांतला एकही नायक असा नाही. भित्रे आहेत, पण शेवटच्या प्रकरणात तरी बोलतात.

७ जुलै, गुरुवार

आज सोनटक्केसर आले होते. गणपतराव सोनटक्के, आईंच्या शाळेतले जुने मुख्याध्यापक. दर गुरुवारी येतात, मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघते आहे. चहा घेतात, शाळेतल्या जुन्या गोष्टी निघतात, दिवे लागायच्या आत जातात. त्यांच्या पत्नी रुक्मिणीवहिनी संधिवाताने घराबाहेर पडत नाहीत.

मी चहा घेऊन गेले तेव्हा दोघं हळू आवाजात बोलत होते. मला पाहून गप्प झाले. सर एकदम म्हणाले, "पाऊस ओढ देतोय यंदा." बाहेर धो धो कोसळत होता.

मला हसू आवरेना. स्वयंपाकघरात येऊन तोंडाला पदर लावला.

१४ जुलै, गुरुवार

लिहू की नको असं झालंय, पण डायरी माझीच आहे.

मला वाटतं, आईंचं आणि सरांचं कधीकाळी काहीतरी होतं. आजही तेच. मी आत गेले की गप्प. आई आज दुपारी कादंबरी अर्ध्यात थांबवून म्हणाल्या, "केस विंचरून दे जरा, सर येतील." सर आल्यावर मात्र एका शब्दाने इकडचं तिकडे नाही. "काय निमकरबाई, डोळा काय म्हणतो?" "चाललंय."

मग सरांचं लक्ष माझ्याकडे वळलं. बी.ए. कुठून केलं, मराठीच होतं का, श्रेणी कोणती. शेवटी म्हणाले, "एक पान वाचून दाखव बरं." मी जवळचं पुस्तक उघडून वाचलं. ते नेमकं नायक खिडकीखाली उभा राहतो ते पान निघालं, माझे कान गरम झाले. सर डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर आईंकडे बघून मान हलवली.

मला समजलं, म्हणजे समजलं असं वाटतंय. सरांना माझं वाचन नकोच होतं. त्यांना ते पान आईंना ऐकवायचं होतं.

३० जुलै, शनिवार

पट्टी सुटली, नवा चष्मा आला. आईंना आता स्वच्छ वाचता येतं. आज सकाळी त्यांनी पेपर स्वतः वाचला. दुपारी मी पुस्तक त्यांच्या हातात दिलं तर परत माझ्याकडे सरकवलं.

"आता तूच वाच. सवय झाली कानाला."

मिरजेच्या इस्पितळातल्या नर्सची कादंबरी सुरू केली आहे. आईंना ती फार आवडलेली दिसते, कारण नायिका कामावर जाते. "बघ, हिच्याकडे प्रेम सोडून करायला दुसरं काहीतरी आहे," म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "तुला घरात कंटाळा येत असेल."

मी म्हटलं, "नाही आई." पण त्या ऐकत नव्हत्या.

१८ ऑगस्ट, गुरुवार

लाज वाटते आहे. आज सगळं समजलं.

सर कागदांचं पुडकं घेऊन आले आणि आईंनी मला समोर बसवलं. बमरोलीला यंत्रमागावरच्या कामगारांच्या मुलांसाठी मराठी शाळा आहे, तिच्या कारभारात सर अजून लक्ष घालतात. तिथल्या एक बाई बाळंतपणाच्या रजेवर जाणार आहेत. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांच्या जागी मी शिकवायचं. पुढे बी.एड. करायचं. दोघांची कुजबुज चालायची ती याचीच. ठरल्याशिवाय मला सांगायचं नव्हतं, उगीच आशा लागू नये म्हणून.

"हिचे उच्चार मी घासून घेतलेत," आई सरांना म्हणाल्या. "अजून 'ण' कच्चा आहे."

"तुमच्या हाताखालून गेली म्हणजे पक्का होईल, बाई."

आणि मी काय काय कल्पना करत बसले होते! दोन वयस्कर माणसं माझ्या भल्याचा विचार करतात आणि मी त्यांच्यात कादंबरी शोधते. माझी आई म्हणायची तेच खरं, या पुस्तकांनी माझी दृष्टी बिघडली आहे. पुन्हा तसला विचार मनात आणायचा नाही, असं स्वतःला बजावलं आहे.

अविनाशला सांगितलं. तो म्हणाला, "आईनं ठरवलंय ना? मग झालं." थोड्या वेळाने विचारलं, "बमरोलीलाच ना? माझ्या स्कूटरवरून येशील जाशील." मला वाटलं होतं काहीतरी जास्त बोलेल.

१२ सप्टेंबर, सोमवार

गणपतीत लिहायला जमलं नाही. तापीचं पाणी खालच्या वस्त्यांत शिरलं होतं, ते ओसरलं, पण चिखल आणि घाण तशीच आहे. सगळीकडे उग्र वास. नर्सची कादंबरी संपली. नवी सुरू केली, ही मीसुद्धा आधी वाचलेली नाही. बंदरावरच्या गावातली मृणाल आणि बोटीवर काम करणारा निरंजन.

२२ सप्टेंबर, गुरुवार

काल संध्याकाळपासून शहराला काय झालंय समजत नाही. प्लेग आलाय म्हणतात. वेड रोडच्या बाजूला माणसं पटापट गेली. आज सकाळी आमची भांडीवाली कलाबाई आली ती दारातूनच, डोक्यावर गाठोडं. "ताई, आम्ही गावले जाई राहिनूत. तुम्ही बी निंघा." भांडी न घासताच गेली. समोरच्या बेन कुलूप लावता लावता म्हणाल्या, "तमे पण नीकळी जाओ." रस्त्यावर सगळे तोंडाला रुमाल बांधून चाललेत. ट्रकमध्ये माणसं उभीच्या उभी. स्टेशनवर पाय ठेवायला जागा नाही म्हणे.

आज गुरुवार, पण सर आले नाहीत. निरोप पाठवला, रुक्मिणीवहिनींना हलवता येत नाही, आम्ही इथेच आहोत, काही लागलं तर कळवा.

२३ सप्टेंबर, शुक्रवार

अविनाशच्या बँकेतल्या एका सहकाऱ्याची जीप उद्या सकाळी धुळ्याला जाते आहे. तिघांची जागा आहे. अविनाशने येऊन सांगितलं आणि मी कपडे भरायला लागले.

आई म्हणाल्या, "तुम्ही दोघं जा. मी येत नाही."

"आई, वेडेपणा करू नकोस," अविनाश म्हणाला.

"एवढ्या वर्षांत हे गाव सोडलं नाही, आता कुठं जाऊ? मी सोनटक्क्यांकडे जाऊन राहीन. वहिनींना सोबत होईल. तू हिला घेऊन जा."

माय-लेकांचा बराच वाद झाला. आई आपल्या जागेवरून उठल्या नाहीत. शाल घेऊन बसल्या होत्या. बाहेर उकाड्याने जीव जात होता.

वातावरण निवळावं म्हणून दुपारी मी पुस्तक काढलं. माझं निम्मं लक्ष सामानात. 'प्राण' चा 'प्रान' केला, एक अख्खी ओळ गाळली, पुढचं वाक्य मागे जोडलं. आई काही बोलल्या नाहीत. मी थांबले. मुद्दाम पुढे 'पाणी' चं 'पानी' वाचलं. त्या भिंतीकडे बघत होत्या.

उठून कपाळाला हात लावला. भाजलाच.

"कधीपासून?" मी विचारलं.

"हळू बोल. त्याला कळलं तर तो जाणार नाही. तुम्ही निघून जा, स्वाती. मला शपथ घालायला लावू नकोस."

मी बाहेर जाऊन अविनाशला सांगितलं.

२४ सप्टेंबर, शनिवार

जीप गेली. आम्ही गेलो नाही.

सकाळी अविनाशने मला गॅलरीत नेऊन सांगितलं, "तू तरी जा. मी बघतो आईचं." मी म्हटलं, कादंबरीची शेवटची प्रकरणं राहिलीत. का तसं बोलले कोण जाणे. तो माझ्याकडे बघतच राहिला. मला धीट म्हणता येणार नाही. पण आईंना त्या खोलीत एकटं ठेवून जीपमध्ये बसायचं, हे मला नुसतं डोळ्यांपुढे आणताच येईना.

आमच्या भागातले दवाखाने बंद आहेत. मागच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाई मात्र आहेत. तोंडाला जाड फडकं बांधून आल्या. छाती तपासली, खोकला ऐकला. "मलेरिया असेल, न्यूमोनिया असेल, दुसरंही असेल. आत्ता सांगता येणार नाही. टेट्रासायक्लिन सुरू करा. माझ्याकडचं संपलंय, मिळेल तिथून आणा. खोली वेगळी ठेवा. आत एकानंच जायचं."

अविनाश दाराच्या चौकटीला धरून उभा होता. मी रुमाल बांधून आत गेले.

२५ सप्टेंबर, रविवार

अविनाश काल दिवसभर आणि आज सकाळी स्कूटरवर फिरला. कडोदऱ्यापर्यंत जाऊन आला. औषधाची दुकानं एकतर बंद, नाहीतर माल संपलेला. परत आला तेव्हा शर्ट घामाने चिकटलेला. स्वयंपाकघरात जाऊन खिचडी टाकली, ती खाली लागली. मी डेटॉलच्या पाण्यात बुडवलेले कपडे त्यानेच पिळून वाळत घातले. तेही उलटे.

आईंना ग्लानी आहे. मध्येच खोकतात. मी खुर्ची दारापाशी ओढून वाचत बसते, समजतंय का ते माहीत नाही. आज वाचताना मी मुद्दाम चुका केल्या. एकदाही टोकलं नाही. मग मी रडले आणि पुढे वाचलं.

दुपारनंतर सर आले. पायी. उधन्यापर्यंत, या उन्हात, या दिवसांत. तोंडाला रुमालसुद्धा नव्हता. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचं औषधाचं दुकान आहे, त्याला घरून उठवून आणून कुलूप उघडायला लावलं म्हणाले. खिशातून गोळ्यांची पाकिटं काढली.

मी म्हटलं, "सर, द्या, मी देते. डॉक्टरांनी आत जायला मनाई केलीये."

त्यांनी ऐकलं की नाही समजलं नाही. चप्पल काढून सरळ आत गेले आणि पलंगावर आईंच्या शेजारी बसले. खुर्ची मोकळी होती. मी पाणी घेऊन दाराशी आले तेव्हा ते आईंना खांद्याला धरून उठवत होते. "सरला," म्हणाले, "सरला, डोळे उघड. गोळी घे."

घाईत 'बाई' म्हणायचं राहून गेलं असावं.

आईंनी डोळे उघडले, गोळी घेतली. सर बराच वेळ बसून होते. बोलल्याचा आवाज आला नाही. निघताना माझ्या हातात उरलेली पाकिटं दिली आणि म्हणाले, "वेळा चुकवू नकोस." अविनाशने स्कूटरवर सोडतो म्हटलं तर नको म्हणाले. मला गॅलरीतून दिसत होते. मोकळ्या रस्त्यावर एकटेच, अगदी सावकाश चालले होते.

२८ सप्टेंबर, बुधवार

ताप उतरला. घामाने गादी भिजली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बहुतेक मलेरिया आणि छातीत कफ, पण आता धोका टळला. मी आईंना मऊभात भरवला आणि चार ओळी वाचल्या.

"'क्षणभर' मध्ये 'ण' आहे," आई अगदी बारीक आवाजात म्हणाल्या.

मी बाहेर येऊन अविनाशला सांगितलं. त्याने हातातला पेपर खाली ठेवला, तोंड धुवायला गेला आणि फार वेळ नळ वाहत राहिला.

१ ऑक्टोबर, शनिवार

सरांना ताप आहे. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं. अविनाश बघून आला. भेटू देत नाहीत, पण बरे होतील असं तिथले म्हणाले. आईंना अजून सांगितलेलं नाही, अशक्त आहेत. काल त्यांनी विचारलं, "गुरुवार झाला का?" मी म्हटलं, झाला, पण रस्ते अजून सुरळीत नाहीत, सर पुढच्या आठवड्यात येतील.

४ ऑक्टोबर, मंगळवार

सर गेले. पहाटे.

कागदावर न्यूमोनिया लिहिलं. नेमकं काय होतं कोण सांगणार. अविनाश आणि दोघं-तिघं शेजारी, एवढेच स्मशानात होते. मुलगी पुण्याहून निघाली होती, पण पोहोचू शकली नाही.

अविनाशने घरी येऊन अंघोळ केली आणि आईंच्या खोलीत जाऊन सांगितलं. मी मागे उभी होते. मला वाटलं, आता यांना कसं सावरायचं. पण आई शांत होत्या. फक्त विचारलं, "पायी आले होते का त्या दिवशी?"

अविनाश म्हणाला, "हो."

"बरं," म्हणाल्या.

दुपारी त्या आपण होऊन उठल्या, आजारानंतर पहिल्यांदा. कपाट उघडून शाळेत जाताना नेसायच्या ती निळ्या काठांची पांढरी साडी काढली. मी म्हटलं, कशाला आई, दमाल. ऐकलं नाही. नीट निऱ्या काढून नेसल्या, केस विंचरले आणि गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या. अंधार पडेपर्यंत रस्त्याकडे बघत होत्या. मी वाचू का विचारलं तर नको म्हणाल्या.

आजारातून उठलेल्या माणसाला मोकळी हवा हवीशी वाटते. बरं वाटायला लागलं असावं.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

गाव हळूहळू भरतंय. कलाबाई परत आली. दसरा असाच गेला.

आज रुक्मिणीवहिनींना भेटायला गेलो. आई आणि मी, रिक्षाने. वहिनी पलंगावर बसूनच होत्या. त्यांची मुलगी आत होती. आई त्यांच्याजवळ बसल्या, दोघींनी एकमेकींचे हात धरले. रडलं कुणीच नाही.

थोड्या वेळाने वहिनी म्हणाल्या, "बाई, एक विचारू?"

"विचारा ना."

"ते तुमच्याकडे येऊन काय बोलायचे हो?"

आईंनी पदर सारखा केला. "शाळेचंच," म्हणाल्या.

"घरी तोंड उघडायचे नाहीत. हो, नाही, एवढंच. पण गुरुवारी तुमच्याकडून आले की दोन घास जास्त जेवायचे." वहिनी आईंचा हात तसाच धरून बोलत होत्या. "त्या दिवशी ऊन फार होतं. मी म्हटलं, उद्या जा. तर म्हणाले, उद्या कशाला. मग मीच म्हटलं, जाऊन या."

आईंची मान खाली होती.

"तुम्ही येत जा आता अधूनमधून," वहिनी म्हणाल्या. "मला चालवत नाही, नाहीतर मीच आले असते. ते काय काय बोलायचे ते सांगा मला. शाळेचं असलं तरी चालेल."

"येईन," आई म्हणाल्या.

परतताना रिक्षात त्या बाहेर बघत होत्या. माझ्या मनात एकदा काहीतरी येऊन गेलं, पण मी ते झटकून टाकलं. एकदा तोंडघशी पडलेय. शिवाय त्या दोघी किती मायेने बोलत होत्या ते मी डोळ्यांनी पाहिलं.

२१ नोव्हेंबर, सोमवार

शाळेचा पहिला दिवस. अविनाशने फाटकापर्यंत सोडलं. स्कूटर वळवून थोडं पुढे गेला, थांबला, परत आला आणि म्हणाला, "डबा घेतलास ना?" हातातच होता डबा. मग गेला. असा काय आहे हा माणूस!

सहावीचा वर्ग. माग चालवणाऱ्यांची मुलं, खानदेशातली, विदर्भातली, आपापसांत हिंदी आणि गुजराती बोलणारी. मी फळ्यावर नाव लिहिलं. एका मुलीने 'पाणी' चं 'पानी' वाचलं आणि माझ्या तोंडून आईंच्याच आवाजात निघालं, "पुन्हा वाच." सगळा वर्ग हसला. मीही.

संध्याकाळी आईंना सगळं सांगितलं. त्यांनी एकेक गोष्ट खोदून विचारली. शेवटी म्हणाल्या, "सरांना आवडलं असतं." पहिल्यांदाच त्यांनी सरांचा विषय काढला.

२७ नोव्हेंबर, रविवार

निरंजन आणि मृणालची कादंबरी तेव्हापासून तशीच राहिली होती. आज चहा झाल्यावर आई आपण होऊन म्हणाल्या, "ते संपवून टाक एकदाचं."

शेवटचं प्रकरण. वादळानंतर निरंजन बोटीच्या धक्क्यावर उतरतो आणि सगळ्या गावासमोर मृणालला सांगतो: 'इतकी वर्षं मी तुझ्या दारात काही ना काही काम काढून येत राहिलो. काम कसलंच नव्हतं. तुला बघायचं होतं.'

मला वाचतानाही ते जरा भडक वाटलं. आई नक्की काहीतरी बोलतील म्हणून मी थांबले.

"परत वाच," त्या म्हणाल्या. "सावकाश."

वाचलं. कुठे चुकले असेन म्हणून शब्द नीट सुटे करून वाचलं.

"परत."

या वेळी त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला होता आणि डोळे मिटले होते. वाचून झाल्यावर बराच वेळ काही हालचाल नाही. डोळा लागला असेल म्हणून मी अलगद पुस्तक मिटायला लागले.

"मिटू नकोस. मग ती काय म्हणते?"

मी पान उलटून पाहिलं. "काहीच नाही, आई. संपली इथे. ती नुसती बघते त्याच्याकडे."

"काहीतरी म्हणायला हवं होतं तिनं," आई म्हणाल्या. आवाज बसल्यासारखा झाला होता, आजारापासून त्यांचा घसा अजून नीट सुटलेला नाही. "त्यानं एवढं केल्यावर एक शब्द तरी बोलायला हवा होता."

मी पुन्हा शेवटचं पान वाचून पाहिलं. आईंचं बरोबर आहे. लेखकाने शेवटी घाई केली.